नळी धरणारी नोल्फा

नोल्फाला पोहता येत नव्हतं. डोंगरात शेळ्या राखणाऱ्यांची ती लेक. लग्न होऊन आमच्या मूदात, किनाऱ्यावरच्या या वस्तीत आली, तोवर समुद्र तिने फक्त लांबून पाहिलेला. तरी एरास्मोने तिला पहिल्याच वर्षी होडीत घेतलं, कारण त्याची नळी धरणारा गडी दारू पिऊन पडायचा आणि बायको पीत नव्हती.

बाई होडीत बसली की दर्या रुसतो, असं म्हणणारे तेव्हा आमच्याकडे पुष्कळ होते. मच्छीमार संघाचे अध्यक्ष डोन उबाल्दो तर किनाऱ्यावरून ओरडायचे, "एरास्मो, एक शेळी पण घे रे बरोबर, दुपारच्या चहाला दूध होईल!" एरास्मो हसायचा. नोल्फा मान खाली घालून नळीचं वेटोळं नीट लावत बसायची.

एरास्मो पाणबुड्या होता. होडीतला कॉम्प्रेसर धडधडायचा, त्याची हवा पिवळ्या नळीतून खाली जायची, आणि खाली तो खडकांना चिकटलेले लोको लोखंडी आकड्याने काढायचा. लोको म्हणजे वाटीएवढ्या कवचातला एक प्राणी, मांस इतकं चिवट की पोत्यात घालून दगडावर आपटल्याशिवाय शिजत नाही. वर नोल्फा नळी हातात धरून बसायची. एकदा ओढलं म्हणजे "ठीक ना?" खालून एकदा ओढ आली म्हणजे "ठीक." तीनदा म्हणजे "वर ये." सकाळभर नवरा-बायकोचं एवढंच बोलणं. पण ती मला माझ्या दुकानात एकदा म्हणाली होती, "घरात तो माझ्याशी एवढं पण बोलत नाही गं."

त्याआधी आमची वस्ती वाळवलेला मासा आणि समुद्रशेवाळ विकून जगत होती. मग कुठल्याशा लांबच्या देशांतल्या लोकांना लोको फार आवडायला लागले आणि मूदाचं नशीब उघडलं. मालाचे ट्रक वाळूपर्यंत यायला लागले. शहरातले अनोळखी लोक तंबू ठोकून राहिले. वीज नव्हती, तरी घराघरांत रंगीत टीव्ही आले, त्यांवर बायकांनी विणलेले रुमाल घातले. माझ्या दुकानात बाटल्यांसाठी नवीन फळी ठोकावी लागली. कुणी म्हणत नव्हतं की आता पुरे. किनाऱ्याजवळचे खडक उघडे पडले, तसे पाणबुडे आणखी खाली जायला लागले.

एरास्मोही गेला. एका सकाळी नोल्फाने तीनदा ओढलं, तो आला नाही. परत ओढलं, खालून एकच ओढ आली: ठीक. भरपूर माल सापडला होता त्याला. शेवटी वर आला, होडीत चढला, सिगारेट मागितली आणि बायकोला लाडाने हाक मारायचा तसं म्हणाला, "फ्लाका, माझे पाय कुठे गेले?" पाय जागेवरच होते, पण त्यांत जीव नव्हता. खोल पाण्यात फार वेळ राहून वर आलं की पाणबुड्यांना असं होतं. त्याचा जोडीदार वेंचो शेजारच्या होडीत होता. त्याने एरास्मोला पाठीवर घेतलं आणि ट्रकपर्यंत वाळूतून पळत नेलं. पण दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

पुढे काही वर्षं एरास्मो दारात खुर्ची टाकून बसायचा. त्याच काळात सरकारने लोकोवर बंदी घातली आणि वस्ती रिकामी व्हायला लागली. तरणी पोरं दक्षिणेला, सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला गेली. वेंचो पलीकडच्या मोठ्या बंदरात गेला. जाताना नोल्फाकडून एरास्मोचा कॉम्प्रेसर विकत घेऊन गेला. एरास्मो वारला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला माझ्या नवऱ्याला शेजारच्या वस्तीतून माणसं बोलवावी लागली.

मग नवा कायदा आला. आमच्या संघाला समुद्राचा एक तुकडा मिळाला, भूशिरापासून काळ्या खडकापर्यंत. तो दोन वर्षं हात न लावता राखायचा, लोको वाढू द्यायचे, मग मापाने काढायचे आणि वाटून घ्यायचे. पण राखायचा म्हणजे कुणीतरी भूशिरावर फळ्यांच्या खोपटात, वाऱ्यात राहायला हवं. बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत बसले. मागच्या बाकावरून नोल्फा म्हणाली, "मी राहते. पण मला सभासद करून घ्या. पुरुषाएवढा हिस्सा."

"आणि चोर आले तर?" डोन उबाल्दोंनी विचारलं. "पोहत जाऊन धरणार त्यांना?"

"तुम्ही येता का मग, डोन उबाल्दो? खोपटात दोघांना जागा आहे."

सगळे हसले. डोन उबाल्दोंनाही हसावं लागलं, आणि ठराव झाला.

तिला एक दुर्बीण, एक रेडिओ आणि वल्ह्यांची लहान होडी मिळाली. शनिवारी ती पीठ आणि चहा न्यायला खाली यायची. पहिल्या हिवाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं की ती फार मोठ्याने बोलते, समोरचं माणूस वाऱ्यापलीकडे उभं असल्यासारखी. जे घ्यायचं नाही त्याचेही भाव विचारायची, साबण, दोरा, मुलांचे बूट. मी सगळे सांगायची. पिशवी भरून झाली तरी निघायची नाही, दाराला हात लावून उभी राहायची. एकदा मी म्हटलं, "अगं नोल्फा, कशाला तो वनवास? सोड, ये खाली." ती म्हणाली, "खाली कोण आहे?" मी दुकानातच उभी होते, पण तिचं खोटं नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळचं दाट धुकं होतं, पाणी दिसत नव्हतं. त्या धुक्यातून तिला कॉम्प्रेसरचा आवाज आला. नोल्फा मला नंतर म्हणाली, "अगं, माझ्या घरातला आवाज तो. मध्येच खोकतो. मी झोपेत ओळखीन." रेडिओवर संघाला कळवणार, तेवढ्यात कॉम्प्रेसर दोनदा अडखळला. पेट्रोल संपत आलं की तो असाच अडखळायचा. रेडिओ तिथेच टाकून ती खडकांवरून खाली उतरली आणि होडी पाण्यात ढकलली.

धुक्यात वेंचोची होडी नांगरलेली होती. आत कुणीच नव्हतं. पिवळी नळी बाकाला बांधून खाली सोडलेली. माणूस एकटाच आला होता आणि एकटाच पाण्यात उतरला होता.

नोल्फा त्याच्या होडीत चढली, बाकाची गाठ सोडली, नळी हातात घेतली आणि एकदा ओढली.

खाली वेंचोचं काय झालं असेल! वर कुणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक. बराच वेळ काही नाही. मग हळूच एक ओढ आली: ठीक. तिने लगेच तीनदा ओढलं. तो वर येऊन होडीच्या काठाला लोंबकळला, आणि कॉम्प्रेसर बंद पडला.

"मेलो की काय मी?" डोळ्यांवरचा मास्क काढत वेंचो म्हणाला.

"मेलाच असतास. टाकी बघून उतरायला काय होतं रे?"

"नोल्फा? तू?"

"एकटा आलास?"

"मग कुणाला आणू? पोरं सगळी दक्षिणेला. नळी धरायला माणूस मिळत नाही."

"म्हणून बाकाला बांधलीस? बाक ओढणार होता होय तुला वर?"

वेंचो हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. म्हातारा झाला होता, दाढी पांढरी. त्याच्या कमरेच्या जाळीत आमचे लोको भरलेले होते. नोल्फा म्हणाली, "परत लाव ते."

"टाकतो ना, हे बघ."

"टाकू नकोस. पालथे पडले तर खेकडे खातील. खाली जा, एकेक खडकाला चिकटवून ये. पेट्रोल मी घालते. नळी मी धरते."

तो परत उतरला. नोल्फा नळी धरून बसली. ठीक ना? ठीक. विचारायची गरज होती त्याहून किती तरी जास्त वेळा तिने विचारलं, हे तिनेच मला सांगितलं. दर वेळी खालून उत्तर आलं.

वर आल्यावर वेंचो म्हणाला, "चल माझ्याबरोबर. बंदरात माझी खोली आहे, चूल आहे. दोघं मिळून रीतसर धंदा करू. मीही एकटाच आहे गं."

नोल्फाने नळीचं वेटोळं लावलं. मग म्हणाली, "आणि आज इथे आलास त्याचं?"

"त्याचं काय? धुक्यात कोण बघतंय?"

"मी बघितलं ना."

रविवारच्या बैठकीत तिने सगळं सांगितलं, नावासकट. डोन उबाल्दोंचा चेहरा पडला. "अगं, जाऊ दे ना," ते म्हणाले. "माल परत गेला. वेंचो आपलाच माणूस आहे. तुझ्या नवऱ्याला पाठीवरून नेलं त्याने."

"नेलं. मी विसरले नाही. पण आधी ज्यांनी सगळे खडक खरवडले, तीही आपलीच माणसं होती, डोन उबाल्दो. माझा नवरा त्यांत होता. मीही होते."

बंदराच्या अधिकाऱ्यांकडे कागद गेला आणि वेंचोला पाण्यात उतरायची बंदी झाली.

महिन्याभराने तो मला हमरस्त्यावरच्या बसथांब्यावर भेटला. दक्षिणेला निघाला होता, पिंजऱ्यांवर रखवालीला. रागावला असेल असं वाटलं, पण म्हणाला, "नोल्फाला सांग, नळीवर तिचा हात अजून हलका आहे." मी शनिवारी निरोप दिला. तिने पिठाची पिशवी खांद्यावर घेतली आणि विचारलं, "बसमध्ये खिडकीची जागा मिळाली का त्याला?" मिळाली होती. ती निघून गेली. पुढच्या शनिवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही, म्हणून मी पाव घेऊन वर गेले. ती बरी होती. दुर्बीण गळ्यात अडकवून पाण्याकडे बघत होती. आम्ही चहा प्यायलो, ती फारशी बोलली नाही, आणि मीही बोलायला लावलं नाही.

त्या वसंतात पहिल्यांदा लोको काढले. मोठे, जड, जुन्या दिवसांतल्यासारखे. नोल्फाला पुरुषाएवढा हिस्सा मिळाला आणि डोन उबाल्दोंनी तो स्वतः तिच्या हातात दिला. काही घरं परत उघडली.

आता भूशिरावर खांबाला कॅमेरा लावलाय आणि नोल्फा खाली, माझ्या शेजारच्या घरात राहते. संध्याकाळी चहाला हाक मारली की येते, पण खुर्ची दाराकडेच ओढून घेते. बोलते अजून मोठ्यानेच. माझी नातवंडं तिला घाबरतात, त्यांना वाटतं ती रागावलीय.