वर ओढलेला नारळ

“ठरलं,” असं तो समोरच्याचं बोलणं संपायच्या आत म्हणायचा आणि अंगठा पँटला पुसायचा, जणू कागदावर उठवून मोकळा झाला. माझा राग तिथूनच सुरू होतो.

भायखळ्याच्या बाजारात गोण्या उचलत मी भाव करायला शिकलो, आणि पुढे जहाजावर कोठार सांभाळू लागलो. आमचं जहाज उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात वाहत आलेली तुटकी जाळी गोळा करतं, देवमासे अडकून मरू नयेत म्हणून. तो तिथला सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. राहणार लालबाग, मूळ मालवण. मला शेठ म्हणायचा, चिडवायला.

नारळी पौर्णिमा आली तेव्हा भोवती बर्फ तरंगत होता आणि कोठारात एकच नारळ उरला होता. तो दारात येऊन उभा राहिला.

“शेठ, नारळ पाहिजे. समुद्राला दिलास का म्हणून आवस फोनवर विचारतली.”

आवस म्हणजे त्याची आई. मी बदल्यात मुद्दाम जास्त मागितलं. घरी परतेपर्यंत बटाट्याच्या सगळ्या गोण्या खालून वर त्यानं आणायच्या. निम्म्यावर येईल असा अंदाज होता.

“ठरलं.”

तोंडाची चवच गेली. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्याशी जिंकता येत नाही.

पण पाण्यात सालसुद्धा टाकायची नाही, टाकेल तो पुढच्या बंदरात उतरेल, असा कप्तानबाईंचा नियम. त्या कठड्याशी येऊन उभ्याच राहिल्या. ह्यानं नारळाला दोरीचं शिंकं केलं, हळूहळू खाली सोडलं, पाण्याला टेकवलं, दोरी काखेत दाबून हात जोडले आणि नारळ वर ओढून घेतला.

मी भडकलो. दिलेलं परत घ्यायचं, हा कसला व्यवहार?

“शेठ, देवाला ताट दाखवतो आणि जेवतो आपणच ना?”

खोबऱ्याचा पहिला तुकडा कप्तानबाईंना मिळाला. त्यांनी दुसरा मागून घेतला. गोण्या मात्र तो शेवटपर्यंत वाहत राहिला, शीळ घालत. तक्रारीला जागाच ठेवली नाही.

गुडघ्यांमुळे यंदा तो आला नाही. संध्याकाळी आईला घेऊन दादर चौपाटीवर बसतो म्हणे. नवा सारंग साबणाच्या वडीसाठीही घासाघीस करतो, आणि मला त्यात मजा येत नाही.

पौर्णिमेला सकाळी त्याचा मेसेज आला, “शेठ, नारळ दाखवा. आवस विचारता.”

मी लगेच लिहिलं, “ठरलं.”

दोरी काखेत दाबून कठड्यावर वाकलो तेव्हा लक्षात आलं, बदल्यात मी काहीच मागितलं नव्हतं. पण नारळ पाण्याला टेकला होता. आता कुठली बोलणी?