मळखाऊ कोट

टेलरमास्तर कापडाला फार जपत. तीनदा मोजल्याशिवाय त्यांनी कधी कात्री चालवली नाही. गिऱ्हाईक वैतागून म्हणे, "अहो, मघाशीच मोजलीत की छाती!" मास्तर शांतपणे पुन्हा टेप लावत. "कापलेलं परत जुळत नाही, साहेब."

रविवारी मात्र हेच मास्तर बंदूक घेऊन गावामागच्या झुडपांत शिरत आणि आवाजावर बार टाकत. पान हललं की धाड्! ते कुणी हलवलं हे बघायची पद्धत नव्हती. "बघत बसलो तर सावज थांबेल होय?" असं ते वर विचारत. एवढ्या वर्षांत घरी आले चार ससे. छर्रे अंगात घेऊन किती जनावरं पळाली, ते त्या जनावरांनाच ठाऊक. एक हरिणी ओढ्याकाठी तीन दिवस तडफडून मेली. एका जखमी रानडुकरानं आपला राग दूधवाल्यावर काढला. तेव्हापासून तो डावा पाय ओढत रतीब घालतो. मास्तरांनी त्याला नवी पँट फुकट शिवून दिली, डावा पाय जरा सैल ठेवून. एवढ्यावर त्यांच्या मनाचं समाधान झालं.

मास्तरांची थोरली बहीण, आक्का, त्यांच्याकडेच राहायची. थंडीच्या तोंडावर तिनं कोट मागितला, तोही लालभडक.

"लाल? या वयात?" मास्तर म्हणाले. "मळखाऊ रंग बरा."

"अरे, मी काय चिखलात लोळणार आहे?"

पण कपाटात तपकिरी कापड उरलं होतं. मास्तरांनी तीनदा माप घेऊन त्याचा कोट शिवला, काजं स्वतः हातानं केली.

आक्कानं आरशात पाहिलं. "छान. वाळक्या झुडपात उभी राहिले तर मी मलाच सापडायची नाही."

पुढच्याच रविवारी ओढ्याच्या वळणावर मास्तरांना सळसळ ऐकू आली. पानांआड काहीतरी तपकिरी हललं. हरीणच! त्यांनी बार टाकला. तपकिरी ढीग खाली कोसळला. मास्तर मिशीवर हात फिरवत पुढे गेले, वाकले, आणि त्यांना आधी दिसलं ते काज. बारीक, सरळ टाक्यांचं. असं काज पंचक्रोशीत एकच माणूस करत होता.

मास्तर तिथंच मटकन बसले. "आक्का! आक्का गं!" त्यांनी टाहो फोडला.

"कोट मेला रे! मी आहे अजून!"

ओढ्याच्या पलीकडून, डोक्यावर काटक्यांची मोळी घेऊन आक्का येत होती. काम करताना उकडलं म्हणून तिनं कोट फांदीवर टाकला होता. वाऱ्यानं तो हलला, आणि भावानं नेम धरला.

तिनं कोट उचलून उजेडासमोर धरला. पाठीत सात भोकं. मास्तर लहान मुलासारखे रडत होते, म्हणून ती आधी त्यांच्या शेजारी बसली. मग पदरानं त्यांचं नाक पुसत म्हणाली, "शहाण्या, कापडाला तीनदा मोजतोस. जिवाला एकदा तरी बघावंस की नाही?"

सोमवारी बंदूक ठाण्यात जमा झाली. त्याच दिवशी मास्तरांनी लाल कापड आणलं, एवढं लाल की आक्का ओढ्यापलीकडे असली तरी दुकानातून दिसायची. तपकिरी कोट रफू करायला घेतला, तर तिनं तो हातातून ओढला आणि बंदुकीच्या रिकाम्या खुंटीला टांगला.

तो अजून तिथंच आहे. माप देता देता नवं गिऱ्हाईक हटकून विचारतं, "मास्तर, काजं काय सुरेख आहेत! कुणी शिवला हो हा?"

"मीच."

"आणि ही भोकं?"

मास्तर टेप तिसऱ्यांदा लावतात. "तीही माझीच."