नानांच्या हातची चाय

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालवणच्या बाजारात बांगड्यांवरून घासाघीस करत होते. बांगडे तिथेच सोडले आणि रिक्षा पकडली... नाना म्हणजे माझे थोरले काका. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर आम्हा घरच्यांचे तास घेतले.

दुपारची झोप झाली की चार वाजता चाय नाना करायचे, स्वतःसाठी आणि काकीसाठी. स्वयंपाकघरातलं त्यांना तेवढंच येत असे. एका संकष्टीला काकीने हट्टाने चहाही सोडला आणि दुपारी तिचं डोकं ठणकायला लागलं. दृष्ट लागली, म्हणाली. नानांनी निमूटपणे मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि मग धडा सुरू केला. मेंदूत रिसेप्टर असतात, म्हणजे एसटीतल्या सीटा. जागेपणी अ‍ॅडेनोसिन साठत जातं, त्या सीटांवर बसतं आणि आपल्याला पेंग येते. चहातलं कॅफिन लबाड, खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतं. रोज असं झालं की मेंदू जादा सीटा बसवतो. मग एक दिवस चहा नाही मिळाला, की सगळ्या एकदम भरतात आणि डोकं फुटायला येतं. आठ-दहा दिवसांत मेंदू त्या जादा सीटा काढतो, दुखणं थांबतं. काकी म्हणाली, माका शिकवू नकात, चाय दिया.

नाना गेले आणि काकीने चहा सोडला. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी सोडतात आपल्याकडे, तसा. डोळ्यांतून टिपूस नाही. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसली. कुणी म्हणे प्रेशर, कुणी म्हणे रडू दाबलंय. मी नानांचा सगळा धडा तिला म्हणून दाखवला आणि अर्धा कप पुढे केला.

"म्हणजे तेंच्या हातच्या चायचाच ह्या दुखणा?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने कप सरकवला. "मगे दुखांदे."

मला राग आला. हट्टी बाई! नाना असते तर बशीत ओतून पाजला असता... रोज विचारत राहिले, रोज ती मान हलवायची.

तेराव्याच्या सकाळी घर माणसांनी भरलं होतं, वडे तळायला घेतले होते. काकी मागच्या पडवीत एकटीच बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "डोक्या आज दुखना नाय गो." मी बरं झालं म्हणणार, तेवढ्यात ती रडायला लागली, नाना गेल्यापासून पहिल्यांदा.

"तेवढाच तेंचा उरलेला होता," म्हणाली. "ता पण गेला."