पऱ्हे उपटले का?

उपटलेल्या पऱ्ह्यांचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? ओल्या मातीचा, तुटलेल्या हिरव्या रसाचा आणि किंचित आंबूस. धानाच्या या कोवळ्या रोपांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात. रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, आदल्या दिवशी ते वाफ्यातून उपटतात, मुळं धुतात, जुड्या बांधतात आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ओळीने मांडून ठेवतात. मुळं उघडी, पांढरी, विस्कटलेली. एका जमिनीतून सुटलेली आणि दुसऱ्या जमिनीची अजून न झालेली! एक-दोन दिवसांत रोपं चिखलात गेली नाहीत, तर पिवळी पडून मान टाकतात. या जुड्या पाहिल्या की मला आता माझ्या चुलत बहिणीची, वैशूची आठवण येते.

आमचं गाव गोरेगावपासून फार लांब नाही. मी शिकले गोंदियाच्या इंग्रजी शाळेत. म्हणून गावात समजतात की मला दोन भाषा येतात. खरं सांगायचं तर मला दोन भाषांत गप्प राहता येतं. वैशू माझ्या उलट. ती फुटबॉलची गोलकीपर आहे, आणि गोलपोस्टपाशी उभी राहून सगळ्या टीमवर ओरडणं हे तिचं कामच आहे.

यंदा ती बारावी झाली. उन्हाळ्यात गोंदियाच्या एका कॉलेजचे खेळाचे सर मोटरसायकलवरून काकांच्या घरी आले. टीममध्ये गोलकीपरची एकच जागा होती, होस्टेलच्या खाटेसकट. चहा पिता पिता ते म्हणाले, "बेटा, तू पक्की ना? मग मी दुसरी कुणी पाहत नाही." वैशू म्हणाली, "पक्की, सर." कागद नाही, सही नाही. काकूने सरांच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली, सोयरीक जुळल्यावर ठेवतात तशी. सरांनी ती तोंडात टाकली, आणि शब्द झाला.

जुलैत नागपूरच्या कॉलेजचा फोन आला. राहणं, जेवण, बूट, ग्लोव्हज, आणि हिरव्या गवताचं मैदान. गवताचं! वैशूने जन्मभर मुरमाच्या मैदानावर अंग टाकलं आहे. तिच्या कोपरांवरची खपली मी कधी पूर्ण वाळलेली पाहिली नाही. त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. "शब्द देल्ला ना तुनं? मंग कायले नागपूर नागपूर करून राहिली?" काका म्हणायचे. "शब्द का तिले जेवाले देते?" काकू चुलीपाशी बसून विचारायची.

मग सगळे माझ्याकडे वळले. "ताई, तूच लिव ना सरांले," वैशू म्हणाली. "इंग्रजीत लिव. इंग्रजीत नाई म्हटलं का तेवढं लागत नाई."

मी लिहिलं. अपरिहार्य कारणं, मनःपूर्वक खेद, आपल्या सहकार्याबद्दल आभार. इतका सभ्य मजकूर की त्यात वैशू कुठे सापडेना. दोन दिवस तो माझ्या फोनमध्ये तसाच पडून राहिला. पाठवायला माझं बोट धजेना.

वैशू खोटी होती का? उन्हाळ्यातलं तिचं 'पक्की' मी स्वतः ऐकलं होतं. त्या क्षणी ते नखशिखांत खरं होतं. अठरा वर्षांच्या ओठांवरून निघालेल्या होकाराने पुढचे सगळे ऋतू आधीच पाहून ठेवायचे असतात का? आणि तिच्याहून सरस गोलकीपर भेटली असती, तर सरांनी ती साखर किती दिवस आठवली असती? मग असा तोंडचा शब्द म्हणजे नुसता वाराच का? मला न्याय करता येईना, आणि त्याचं कारणही मला ठाऊक होतं. मी कुणालाच कधी 'हो' म्हणत नाही. लग्नाचं आमंत्रण असो की मैत्रिणीचा आग्रह, माझं उत्तर एकच: 'पाहू'. ज्याने शब्दच दिला नाही, त्याचा शब्द मोडणार तरी कसा! याला मी इतकी वर्षं प्रामाणिकपणा समजत आले होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका, वैशू आणि मी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर होतो. दुसऱ्या दिवशी आमची रोवणी होती. रोवणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी सुमनमावशी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून धुऱ्याधुऱ्याने घाईघाईत आली आणि लांबूनच ओरडली, "भाऊ, पऱ्हे उपटले का जी?"

"काऊन?" काकांनी विचारलं.

"नसन उपटले तं उद्याचा दिवस मले सोडा. घरी पाव्हणे येऊन राहिले. उपटले असन तं येतो आमी."

काकांनी जुड्यांकडे हात केला. मावशीने त्या पाहिल्या, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "झालं मंग. सकारी सातले येतो."

"आन् नाई आलीस तं, मावशी?" वैशूने मध्येच विचारलं.

"अवो पोट्टे, पऱ्ह्याले का मालूम माह्या घरी पाव्हणे हायेत!"

मावशी गेली. वैशू बराच वेळ त्या पांढऱ्या मुळांकडे पाहत राहिली. मग तिने माझ्या हातातून फोन घेतला, मी लिहिलेल्या मजकुराकडे ढुंकूनही न पाहता सरांना लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सर, मले नागपूरले जायचं हाये. पण आधी सांगा, माह्यासाठी कोनाले नाई म्हटलं का तुमी?"

सरांचा थकलेला आवाज आला. दरेकसाची एक मुलगी होती. गेल्या सोमवारीच तिला नाही म्हणून कळवलं होतं.

"तिचा नंबर द्या, सर. ते नाई आली तं मीच येईन. गोंद्यालेच."

सरांनी जागा शनिवारपर्यंत धरून ठेवतो म्हणून सांगितलं आणि नंबर दिला. वैशूचं गवताचं मैदान आता दरेकसाच्या एका अनोळखी मुलीच्या तोंडच्या शब्दावर होतं. फोन तिच्या आईने उचलला. "थांब, बांधीत हाये ते." मग लांब मारलेली हाक, पाण्यातून धावणारी पावलं, फुललेला श्वास.

"मी वैशाली. गोरेगावची गोलकीपर."

"हो, वळखलं! माही जागा घेनारी."

"वापस घे ना मंग."

वैशूने सगळं सांगितलं, नागपूरसकट, काही न लपवता. शेवटी विचारलं, "शनिवारच्या आत जाशील ना? पक्कं?"

"तू इचारून राहिली पक्कं?" ती मुलगी खदाखदा हसली. वैशूचे कान लाल झाले. मग तिकडून हळूच उत्तर आलं, "जाईन वो."

शुक्रवारी दुपारी सरांचा एका शब्दाचा निरोप आला: 'पोहोचली.' वैशूने तो तीनदा वाचला आणि मगच नागपूरसाठी बॅग काढली. काका अजूनही तिच्याशी मोजकंच बोलतात. पण तिच्या बॅगेत त्यांनी नवी दोरी टाकलेली मी पाहिली, होस्टेलवर कपडे वाळत घालायला.

शब्दाचं वजन कुठे असतं, हे मला अजूनही नीटसं उमगलेलं नाही. बोलणाऱ्याच्या जिभेवर ते फारसं नसावं. ऐकणारा घरी जाऊन त्याच्या भरवशावर काय काय उपटून ठेवतो, तिथे ते असावं. मन बदलतंच, पण बदललं की जाऊन विचारायला हवं, पऱ्हे उपटले का? आणि उत्तर ऐकेपर्यंत तिथे उभं राहायला हवं.

सुमनमावशीची टोळी रोवणीच्या सकाळी सातला आली होती. तिच्या पाव्हण्यांचं काय झालं, कोण जाणे! संध्याकाळी परतताना तिने मला धुऱ्यावर गाठलं. "एक बाई कमी हाये माह्याजवळ. उद्या येशील का हात लावाले, इंग्रजीवाले?"

'पाहू' हा शब्द सवयीने ओठांपर्यंत आला. धुऱ्यावर उद्याच्या जुड्या मांडलेल्या होत्या. तोच ओला, हिरवा, आंबूस वास वाऱ्यावर येत होता.

"येईन," मी म्हणाले.