विटाळ किती सूत?

वर्ध्याच्या कॉलेजात मी सायन्सला होते. आदल्याच वर्षी आमचं घर बौद्ध झालं होतं आणि वडिलांनी बजावलं होतं, "आता कोनापुढं मान खाली घालू नको." मला ते सांगायची गरज नव्हती. माझी मान जन्मापासूनच ताठ.

थंडीच्या दिवसांत प्रयोगशाळेत मी शेजारच्या मुलीला पितळी गोळा द्यायला गेले. ती आष्टीकडच्या शेतकरी घरातली, अंगात जाड लोकरी स्वेटर. बोटाला बोट लागलं आणि चट्‌ करून ठिणगी उडाली. ती किंचाळली, "अवं माय! हिच्या आंगातला विटाळ चटकला मले!"

वर्ग हसला. सर भित्रे. मला म्हणाले, "तू आपली त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बस. उगाच वाद नको." त्या टेबलावर मोडकी उपकरणं ठेवत. एकदा तिथे गेले असते तर कॉलेज संपेपर्यंत तिथेच राहिले असते. माझं डोकं सणकलं.

"काऊन जाऊ, सर? विटाळ हाये तं मोजून पाहा."

सरांना प्रयोगांचा शौक दांडगा, लगेच तयार झाले. अंगातली वीज जमिनीत उतरू नये म्हणून मेणाच्या जाड लादीवर एकेकानं उभं राहायचं, अंगावर लोकर घासायची आणि पितळी गोळ्याकडे बोट न्यायचं. ठिणगी उडेल तिथलं अंतर मोजायचं. माझ्या पाठीवर घोंगडी घासायला कोणी पुढे येईना. मीच घासली, खांदे भरून येईपर्यंत. वर्ध्यात सूत म्हटलं की लोकांना चरखा आठवतो. माझे वडील लाकडाच्या वखारीत कामाला, आमच्या घरी सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझी ठिणगी एक सूत भरली. पोरांच्याही तेवढ्याच, थोड्या मागेपुढे. मग शेजारीण लादीवर चढली. तिचं बोट गोळ्यापासून चांगलं दोन सूत लांब असतानाच चट्ट झालं!

"लोकरीचा गुण," सर म्हणाले. "वीज सगळ्यांची एकच. झालं ना तुझं समाधान? आता जा त्या टेबलावर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काऊन? माहा विटाळ एक सूत, तिचा दोन. कोपऱ्यात कोनाले धाडायचंच असन तं तिले धाडा!"

 मी माझ्या स्टुलावर बसले आणि दोन्ही हात टेबलावर पसरले. शेजारीण बराच वेळ लादीवरच उभी होती. शेवटी उतरली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. दुसरी रिकामी जागा कोपऱ्यातलीच होती.