द्रोणातली दारू, माठातलं पाणी

मालकीणबाईनं माह्या पुढ्यात पळसाचा द्रोण ठेवला. ठेवला कायचा, वरूनच सोडला, हाताले हात लागू नये म्हणून. द्रोणात मोहाची दारू. बाकीच्या बायांच्या हातात स्टीलचे गिलास अन् गिलासात कैरीचं पन्हं.

मी म्हटलं, "बाई, हे काय होय?"

"घे वो मास्तरीण. लाजून कायले राहिली? तुमच्यात तर बायाबी पेते म्हणते."

सगळ्या बाया हसल्या. एकीनं तोंडाले पदर लावला, पण खांदे हलतच होते. द्रोणाचा वास माह्या नाकात गेला अन् मले बाप आठवला. माहा बाप मोहानंच मेला. तलावाच्या पाळीवर पडला होता, तोंड चिखलात. लोकायनं दुपारपर्यंत उचललाबी नाही.

सत्तरनंतरची गोष्ट आहे. माह्या लग्नाले वर्ष झालं नव्हतं. सानगडीकडच्या एका गावात मास्तरची नवी नेमणूक झाली. मास्तर म्हणजे माहा नवरा. सगळे मास्तर म्हणे, मंग मीबी तेच म्हणू लागली. त्या गावात आमच्या जातीचा तो पहिला मास्तर. मालगुजारी, म्हणजे गावच्या मालकाची जमीनदारी, सरकारनं कवाची काढली होती, पण गावाच्या तोंडातून मालक निघाला नव्हता. शाळा त्याच्याच जागेत भरे. मास्तर टिकते का जाते, ते तोच ठरवे.

उन्हाळ्यात शाळा तपासाले साहेब आला. त्याचं जेवण मालकाकडं. कोतवाल घरी सांगून गेला, जोडीनं या. मास्तरनं तांब्यात निखारे भरले अन् सदऱ्याले इस्त्री केली. मी लग्नातली साडी नेसली. दिवस बुडायच्या आधीच आमी निघालो. मास्तर वाटेनं दोनदा म्हणाला, "पाह्य, आपल्याले पंगतीले बोलावलं." बाप्पा, काय खुशी होती त्याच्या तोंडावर! ती खुशी आठवली का आजबी माहं डोकं फिरते.

त्या घरी पाहुण्याले काय पाजायचं ते जात पाहून ठरे. साहेबाले नागपूरवरून आणलेली विलायती, काचेच्या गिलासात. दुकानदाराले, मोठ्या शेतकऱ्याले लिंबूसोडा. बायांले पन्हं. अन् आमच्यासाठी मोहाची, द्रोणात. द्रोण काहून? पेऊन झालं का उकिरड्यावर. भांडं बाटत नाही.

मी माहा द्रोण बाजूले सरकवला. आंगणात पाहिलं. मास्तर गड्यांच्या बाजूनं खाली बसला होता, एकटाच. बाकीचे बाजेवर, खुर्चीवर. त्याच्याबी पुढ्यात द्रोण.

हा माणूस पौर्णिमेले मोहल्ल्यात सगळ्यायकडून पंचशील म्हणून घे. पाचवं शील दारू न पेण्याचं. ते म्हणताना त्याचा आवाज चढे. माह्या मायनं त्याले जावई केला तो त्या आवाजासाठी. तिनं दुसरं काही पाहिलंच नाही. ना शेत, ना घर.

साहेब म्हणाला, "घ्या मास्तर. मालकांचा मान ठेवा."

मी मनातल्या मनात म्हणून राहिली, नाही म्हण. अरे, नाही म्हण.

मास्तर पेला.

मालकानं गड्याले खूण केली. द्रोण पुन्हा भरला. तोबी पेला. मंग मालक साहेबाकडं वळला. "पहा साहेब. सकाळी पोट्ट्यांले शिकवते दारू वाईट. अन् आता पहा कसा मुकाट्यानं पेते." सगळे हसले. मालकाचं मन भरलं नाही. "मास्तर, ते तुमचं शील काय असते? पाचवं. म्हणा न जरा. साहेबाले ऐकवा."

मास्तर द्रोण खाली ठेवू लागला.

"म्हण!"

अन् त्यानं म्हटलं. हातात द्रोण धरून म्हटलं. मधी आवाज फाटला. साहेब हसता हसता खोकलला, त्याच्या नाकातून विलायती आली. एका माणसाले इतकं सोलावं? कोंबडीबी मारून मंग सोलते लोकं.

माहा घसा कोरडा पडला. मी म्हटलं, "बाई, पाणी द्या."

बायांचं हसणं बंदच पडलं. पन्ह्याचे गिलास तसेच हातात राहिले.

"पाणी?" मालकीणबाई म्हणाली. "पाणी घरी जाऊन पेजो."

तवा माह्या ध्यानात आलं. दारू किती पाहिजे तितकी. द्रोणावर द्रोण. पण पाणी नाही. दारू पाजली का आमी त्यायच्या पायाशी पडतो. पाणी पेलो का बरोबरीनं उभे राहतो. हे मले कोणत्या पुस्तकानं सांगतलं नाही. तहानेनं सांगतलं.

मी उठली. ओसरीच्या कोपऱ्यात पाहुण्यायचा माठ होता, वर गडवा पालथा. मी गडवा माठात बुडवला अन् ओठ लावून पेली. सावकाश पेली. मंग आणखी घेतलं अन् पेली. मालकीणबाई बोंबलली, "अवं अवं! बाटवला माठ!"

मले वाटलं मालक मारते. मालक जागचा उठला नाही. त्याले मारापेक्षा मोठी मजा सुचली होती.

"मास्तर," तो म्हणाला, "तुह्या बायकोनं माठ बाटवला. आता तूच फोड."

मास्तर उठला. पाय धड पडत नव्हते. मी म्हटलं, "मास्तर, हात नका लावू." त्यानं माह्याकडं पाहिलं नाही. माठ उचलला अन् आंगणात आपटला. पाणी पसरलं. बूट भिजू नये म्हणून साहेबानं पाय वर घेतले. बस, इतकंच केलं त्या शिकलेल्या माणसानं.

मी आंगणाच्या मधात आली. मी म्हटलं, "मालक, माठ फुटला. पाणी माह्या पोटात आहे. ते कसं काढता?"

मी चालू लागली. तवा मागून शिव्या आल्या. माह्या जातीवरून, माह्या मायवरून. मी उपाशीच घरी आली.

मास्तर मागून आला. कुंपणाशी ओकला. म्हणे, "नोकरी आहे माही. तुले काय समजते?" मी आत निघून गेली. मले राग त्या मालकाचा होता. खोटं काहून बोलू, मास्तरचाबी होता.

अन् नोकरीचं काय झालं? पावसाळ्याआधीच बदली, पार जंगलातल्या शाळेवर. माठ फोडूनबी. शील म्हणूनबी. मास्तर त्यानंतर दारू पेला नाही. पण पौर्णिमेले कोणी पंचशील सांगा म्हटलं का तो उठून बाहेर जाये.

पुढं आमी शहापूरले घर बांधलं. पोरी मोठ्या झाल्या. ऐंशीनंतरची एक निवडणूक होती. एक पुढारी हात जोडत घरात आला. खुर्चीवर बसला. म्हणे, "ताई, आता कुठं राहिली जातपात?" मास्तरनं मले आत बोलावलं, हळूच म्हणाला, "पोरीले दुकानात धाड. थंड्याच्या बाटल्या आण. हे लोकं बाटलीतलंच पेते."

ते मलेबी माहीत होतं. बंद बाटलीले आमचा हात लागत नाही. पेणाऱ्याची जात साबूत अन् आमचा मान झाला म्हणायले मोकळे.

मी म्हटलं, "बाटली येणार नाही."

मी घरचं पाणी नेलं. त्यानं गिलास घेतला, मांडीवर धरला. घाम गळून राहिला होता त्याचा. "राहू द्या ताई. आताच पेऊन आलो."

"दोन घोट घ्या."

"खरंच नको."

"मंग उठा."

मास्तर म्हणाला, "अवं, पाहुणे आहे ते."

मी म्हटलं, "पाहुणा पाणी पेते. हा मत न्याले आला."

तो उठला. मी दारापर्यंत गेली नाही.

शेजारच्या बाया अजूनबी विचारते, घरी जेवाले लोकं येते, काय द्यावं पेयाले, चहा का सरबत? चहा नंतर. सरबत नंतर. आधी पाणी. आपल्या माठातलं, आपल्या हातानं. अन् समोरून हलायचं नाही. घोट त्याच्या गळ्याखाली उतरते का ते पाहायचं. उतरला तर मी भात टाकते. नाही उतरला तर माही चूल त्याच्यासाठी पेटत नाही. मंग तो साहेब असो, का उद्या माह्या पोरीले मागाले आलेला सोयरा असो.