गौरीला न चाललेले पाय

"यांचे नकोत. यांचे पाय सपाट आहेत," बाई म्हणाल्या. माझा उजवा पाय तेव्हा कुंकवाच्या परातीत होता.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. जयपूरला बदलून आलेली आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून गौरी बसवायचो, विद्याधर नगरात, बँकेतल्या मोठ्या साहेबांच्या घरी. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. माझे यजमान रेल्वेत कारकून. त्या वर्षी पांढऱ्या कापडावर सवाष्णींच्या पायांचे ठसे घ्यायचं ठरलं होतं. माझा डावा पाय उमटला तो अख्खा. मधली पोकळी नाहीच.

बाईंची मुलगी हसली. "मम्मी, हे तर बदकासारखं. मतलब, पूरा छापला गेला."

"लक्ष्मीच्या पायाला कमान असते," बाई म्हणाल्या. कात्री मागवली. तेवढा तुकडा कापून टाकला. मग मला म्हणाल्या, "वहिनी, पाय धुवा आणि पुरणाचं बघा. तुमच्यावाचून काही हलत नाही."

मी गेले. दिवसभर संगमरवरावर अनवाणी. पुरण, कटाची आमटी, वाढणं, उष्टी काढणं. घोट्याच्या आतल्या बाजूला ठणका. देवीला नको असलेले पाय पंगतीला कसे चालतात? वाढता वाढता हे डोक्यात आलं, ते गेलंच नाही.

ठणका थांबेना, म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "पंजों पर खड़ी होइए." टाचा उचलल्या. कमान दिसली. टाचा टेकल्या, गेली. असे पाय पुष्कळांचे असतात, त्यांनी समजावलं. कित्येकांना त्रासही होत नाही. माझी कमान पेलणारी शीर कडक फरशीवर उभं राहून ताणली होती. आधाराच्या चपला घाला, टाचा उचलायचा व्यायाम करा, अनवाणी फार उभ्या राहू नका.

"पैर ख़राब नहीं हैं. आपने इनसे काम बहुत लिया है."

पुढच्या वर्षी बाईंचा फोन आला. "वहिनी, पंगत नेहमीसारखी तुमच्याकडे."

"करेन. चपला घालून, आणि अधूनमधून बसून."

"नैवेद्याच्या स्वयंपाकात चपला? लोक काय म्हणतील?"

"मग दुसरं कुणी बघा."

"एका दिवसासाठी एवढं?"

"एक दिवस तुम्ही उभ्या राहा."

फोन ठेवला गेला. यजमान म्हणाले, "मोठी माणसं आहेत. जरा दमानं घ्यायचं." नंतर आमंत्रण आलं नाही. काहींनी ओळख दाखवणं सोडलं.

सोडू देत. दुखऱ्या पायांनी कुणाच्या पंगतीत मी आता उभी राहणार नाही. देवीचं नाव घेतलं तरी नाही.